पहिलीची नाळ

कडेगावच्या पलीकडे डोंगराला टेकून एक लहान गाव आहे. नव्वदच्या आसपास त्या गावात चाळिशीच्या आतलं जे कुणी भेटेल ते तानुबाईच्या हातचं, असं खुशाल समजावं. 'हातचं' म्हणजे तिनं बाळंतपण केलेलं. फाट्यावर मिशा पिळत उभ्या असलेल्या एखाद्या गड्याला ती चारचौघांत ऐकवायची, "तू पायाकडनं आलावतास रं, तवापास्नंच उलटा." गडी मान खाली घालून हसायचा. उलट बोलायची कुणाची टाप नव्हती, कारण प्रत्येकाचं काही ना काही तिला ठाऊक होतं.

बाळंतिणीच्या खोलीत तिचं राज्य असायचं. रडणाऱ्या जावा-नणंदांना ती दंडाला धरून बाहेर काढायची. नवऱ्याला पाणी तापवायला लावायची, आणि तापलं की म्हणायची, "आता दुसरा हंडा ठेव." पाणी लागायचं त्याच्या चौपट तापायचं, पण माणूस कामात राहायचा. बाळंतिणीवर मात्र तिनं कधी आवाज चढवला नाही. तिच्या पाठीवर हात ठेवून ती जे काय पुटपुटायची ते त्या दोघींतच राहायचं.

ही विद्या तिला सासूकडून आली. सासूचा एक नियम होता, आणि तो तानुबाईनं चाळीस वर्षं मोडला नाही. वार, म्हणजे नाळेच्या दुसऱ्या टोकाचा गोळा, पडल्याशिवाय बाळाची नाळ कापायची नाही. बाळ बाहेर आलं तरी त्याचा थोडा जीव अजून वारेत असतो, तो नाळेतून सावकाश बाळात उतरतो, मधेच कापलं तर अर्धा जीव आत राहतो, असं सासू सांगायची. कितीतरी मलूल पोरं तानुबाईनं अशी थांबून, वाट बघून, रडती केली होती. पुढं सरकारनं सुइणींना शिकवायला बोलावलं, ॲल्युमिनियमची डबी दिली, तिच्यात ब्लेड आणि दोरा. ब्लेड उकळून घ्यायचं हे तिला पटलं, ते तिनं लगेच उचललं. नर्सबाईनं आणखी एक सांगितलं, जुळं असलं तर दवाखान्यात पाठवायचं. त्यावर तानुबाई हसली. तोवर पाच जुळी तिच्या हातून झाली होती आणि पाचही जोड्या गावात उंडारत होत्या.

आता तिच्या काळजातलं सांगायचं तर गोदावरीचं सांगावं लागेल. गोदावरी तिची एकुलती लेक, रहिमतपूरला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण तिची सासू हट्टाला पेटली आणि पोरीला पाठवलंच नाही. दोन दिवस गोदावरी अडून राहिली. तिसऱ्या दिवशी तिला साताऱ्याला नेली, पोट फाडून मुलगी काढली. मुलगी जगली. गोदावरीची जखम पिकली, ताप चढला आणि नवव्या दिवशी ती गेली. तानुबाई त्या नऊ दिवसांतले सहा दिवस खाटेपाशी बसून होती. पट्टी बदलताना तिनं ती जखम बघितली होती. अडून गेलेले दोन दिवस तिनं कधी हिशेबात धरले नाहीत. तिनं धरली ती सुरी.

आईविना पोरीचं नावसुद्धा कुणाला सुचेना, तेव्हा तिथल्या नर्सनंच ते ठेवलं, मयूरी. बापानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं आणि तानुबाईनं नातीला कडेवर घेऊन आपल्या गावी आणलं. गावात बाकीच्या पोरी सुनंदा, शालन, मालन. त्यांच्यात ही एकटी मयूरी. तानुबाई तिला मयू म्हणायची. साऱ्या गावाला टाकून बोलणारी बाई या पोरीपुढं लोणी व्हायची. पोरगीही गरीब स्वभावाची. आजीचा शब्द तिनं कधी खाली पडू दिला नाही. आजीला याचं फार कौतुक होतं.

एक्क्याण्णव साली मयूरीचं लग्न झालं. नवरा दादासो, कुपवाडला एका कारखान्यात लेथवर कामाला, सरळ माणूस. दीड वर्षानं तिला दिवस राहिले. पाचव्या महिन्यातच पोट सातव्यासारखं दिसायला लागलं, तेव्हा दादासोनं तिला सांगलीला डॉक्टर चंदनबाला चौगुल्यांकडं नेलं. सोनोग्राफी झाली, जुळं निघालं. सातव्यात डोहाळजेवणाला आणायला म्हणून तानुबाई कुपवाडला गेली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिघांनाही एकदम बोलावून घेतलं.

बाईंनी एका चिठ्ठीच्या पाठीवर चित्र काढलं. दोन पोरं आणि दोघांना मिळून एकच वार. म्हणजे अगदी एकासारखं एक, चेहऱ्यानं ओळखू येणार नाहीत असं जुळं. पहिलं डोक्याकडून आहे, ते नीट येईल. दुसरं आडवं आहे, त्याचं सांगता येत नाही. शिवाय वार एकच असली की दोघांचं रक्त आतल्या आत मिसळलेलं असतं, त्यामुळं वेळेला काय होईल याचा भरवसा कमी. सिझर केलं तर दोघं दहा मिनिटांत बाहेर येतील. "माझं मत सिझरचं आहे," बाई म्हणाल्या. "पण पहिलं डोक्याकडून आहे, त्यामुळं नॉर्मलही करून बघता येईल. फक्त ते इथंच, सगळी तयारी ठेवून. काय करायचं ते तुम्ही ठरवा."

दादासो म्हणाला, आजी म्हणतील तसं. बाईंनी मयूरीला दोनदा विचारलं, तुला काय वाटतं. दोन्ही वेळा मयूरीनं आजीकडं बघितलं. तानुबाईच्या डोळ्यांपुढं साताऱ्याची ती पट्टी उलगडली. "मोकळीच हुईल पोरगी," ती म्हणाली. "पाच जुळी काढल्यात ह्या हातांनी. सुरी लावायची न्हाई."

बाईंनी वाद घातला नाही. तारखेच्या तीन आठवडे आधी सांगलीत येऊन राहायचं, एवढं वचन मात्र त्यांनी घेतलं. तानुबाईनं व्हय व्हय म्हणत ते दिलं.

परतीच्या एस.टी.त मयूरी खिडकीशी बसली होती. तासगाव मागं पडलं. मग ती हळूच म्हणाली, "मी बी कापूनच आलेली की, आजी."

तानुबाई हसली आणि तिच्या पाठीवर एक चापटी मारली. पोर थट्टा करते असं तिला वाटलं. मयूरी परत खिडकीबाहेर बघायला लागली, आणि तो विषय तिथंच संपला.

डोहाळजेवण झालं. तानुबाईनं गोदावरीचं जुनं लुगडं ट्रंकेतून काढलं आणि दोन कुंच्या शिवल्या, दोन्ही हिरव्या, एकीला लाल किनार, दुसरीला पिवळी. एकासारखं एक होणार तर ओळखायला काहीतरी हवं, असं ती शेजारणींना सांगायची. सांगलीला जायचं ठरलं एका गुरुवारी. भाऊसो पाटलाची जीप सांगून ठेवली होती. आणि मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला मयूरीच्या पोटात कळ आली.

भाऊसो शब्दाचा पक्का. साडेदहाला जीप दारात उभी. मयूरीचं गाठोडं बांधलेलं होतं, चपला पायात होत्या. तानुबाईनं तिला आत नेऊन तपासलं. डोकं खाली आलं होतं, पण घाई नव्हती. सांगली दोन तासांची वाट. हे सगळं तिला कळत होतं. चाळीस वर्षांच्या हाताला नाही कळणार तर कुणाला? पण तिला हेही कळत होतं की तिथं गेलं, थोडं अडलं, की बाई सुरी हातात घेतील. ती उंबऱ्यावर आली आणि भाऊसोला म्हणाली, "वाटंतच मोकळी हुईल. जीप ऱ्हाऊ दे हितंच, लागली तर बघू."

जीप दारात राहिली. भाऊसो चिंचेखाली बसून राहिला. बारा वाजले, दोन वाजले. आतून मयूरीनं एकदा विचारलं, जायचं न्हाई का. तानुबाई म्हणाली, आता कुठं जातीस, आलंच की.

पावणेचारला पहिली मुलगी झाली. मोठ्यानं रडली, बाहेर भाऊसोनं ऐकलं. तानुबाईनं तिला फडक्यात गुंडाळून बाजेखाली सुपात ठेवली. नाळ तशीच राहू दिली, नियमाप्रमाणं. दुसरी आडवी होती. तानुबाईनं तेलाचा हात पोटावर फिरवत फिरवत तिला वळवली, पायाकडून खाली आणली. पंचक्रोशीत हे दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. त्या अर्ध्या तासात तिला स्वतःच्या हातांचा फार अभिमान वाटला. पुढं साऱ्या आयुष्यात तिला सगळ्यांत जास्त लाज वाटली ती त्या अभिमानाची.

सव्वाचारला दुसरी आली. ती रडली नाही. तिचे ओठ, तळवे, नखं सगळं पांढरं होतं, भिजवलेल्या तांदळासारखं. सुपातली पहिली तेवढीच लालबुंद झाली होती. तानुबाईनं तळव्यांना टिचक्या मारल्या, तोंडात फुंकर घातली, छाती चोळली. वार पडल्यावर ती ऊन पाण्याच्या घमेल्यात धरली आणि नाळ बोटांनी पिळत पिळत बाळाकडं जीव ढकलायला लागली. सासूचा शेवटचा उपाय हाच होता. एकाच वारेतून दोन नाळा निघाल्या होत्या. ती एक पिळत होती, दुसरी अजून सुपातल्या पोरीला जोडलेली होती. किती वेळ ती पिळत बसली हे तिला सांगता आलं नसतं. मयूरी वरून विचारत होती, "दुसरं रडंना का, आजी?" 

त्यानंतर तिनं पहिलीची नाळ कापली.

दुसरीला तिनं पिवळ्या किनारीची कुंची घातली. भाऊसोनं शेताच्या बांधाला, आंब्याखाली खड्डा केला. आणि सकाळपासून उभी असलेली जीप बाळंतिणीला आणि लालबुंद पोरीला घेऊन सांगलीला निघाली. वाटेत कुणीही मोकळं झालं नाही. आठ वाजायच्या आत सगळे दवाखान्यात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर चंदनबाला पोरीला तपासून बाहेर आल्या. तानुबाई व्हरांड्यात बाकावर बसली होती. बाई रागावतील अशी तिची तयारी होती, पण बाई शेजारी येऊन बसल्या आणि एवढंच विचारलं, "पहिलीची नाळ कधी बांधली, आजी?"

"वार पडल्यावं. आमी आधी न्हाई बांधत."

 बाई उठून जायला लागल्या, तेव्हा तानुबाईनं त्यांचा पदर धरला. का विचारलं ते सांगून जा, म्हणाली. बाईंनी टाळायचा प्रयत्न केला, पण त्या बाईच्या तोंडाकडं बघून त्यांना टाळता येईना. दोघींना वार एकच होती, त्यांनी सावकाश सांगितलं, दोघींचं रक्त एकमेकींत जात होतं. पहिली बाहेर आल्याबरोबर तिची नाळ बांधली असती तर ती वाट बंद झाली असती. ती उघडी राहिली, पहिली खाली सुपात होती, आणि दुसरीचं रक्त वारेतून पहिलीत उतरत गेलं. "नक्की असंच झालं, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही," बाई म्हणाल्या. "आणि एकटं लेकरू असतं, तर तुम्ही थांबलात ते चुकलं नसतं."

"कापलं असतं तर?"

"दोघी असत्या, बहुतेक." मग त्या थांबल्या, पण खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. "तुम्ही म्हणत होता तसं, नॉर्मल केलं असतं, तरी असत्या. इथं झालं असतं तर."

तानुबाईनं पदर सोडला. म्हणजे सासू म्हणायची ते खरंच होतं, तिच्या मनात आलं. जीव वारेतून नाळेत उतरतो. एकीचा दुसरीत उतरला होता, आणि ती शेजारी बसून त्याची वाट बघत होती. वीस-बावीस वर्षं ती सुरीशी भांडत आली, आणि लेकीची लेक त्या सुरीपासून वाचवायला म्हणून दारातली जीप थांबवून धरली. पोर गेली ती एका वीतभर दोऱ्यासाठी, आणि तो दोरा उकळून, डबीत घालून, मयूरीच्या उशाशी ठेवलेला होता.

आत मयूरी जागी होती. तिनं आजीचा हात धरला आणि म्हणाली, "तू हुतीस म्हणून निभावलं." तानुबाईला तिथंच सांगून टाकायचं होतं. पण वाटलं, आज नको, ओली बाळंतीण आहे पोरगी. मग बारशाला नको. मग पहिल्या वाढदिवसाला नको. अशी पाच वर्षं गेली.

त्या पाच वर्षांत तानुबाईनं एकही बाळंतपण केलं नाही. हात थरथरतो, असं ती सांगायची. हात अजिबात थरथरत नव्हता. सुईत दोरा ती अजून पहिल्या झटक्यात ओवायची. कुणी बोलवायला आलं की ती कडेगावच्या दवाखान्याची वाट दाखवायची, आणि जुळं आहे असं कानावर आलं तर स्वतः जीपमध्ये चढून बसायची, बाईला दवाखान्याच्या खाटेवर घातल्याशिवाय उतरायची नाही. फाट्यावरच्या गड्यांना टोमणे मारायचं तिनं सोडलं. लोक म्हणायचे, म्हातारी थकली.

मयूरीच्या मुलीचं नाव ओवी. दर मे महिन्यात ती आजीकडं यायची. उन्हात खेळून आली की तिचे गाल लाल व्हायचे, आणि तानुबाई उठून आत जायची, चुलीपाशी काहीतरी हुडकत राहायची.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात मयूरी आली तीच पोटुशी. या वेळी एकटंच होतं. डॉक्टर चौगुल्यांनी सिझर करायचं म्हटलं होतं आणि या वेळी मयूरीनं आजीकडं न बघता हो म्हटलं होतं. आता तिचं आजीपाशी एकच मागणं होतं, तू सांगलीला माझ्याबरोबर चल.

"मी कशाला?" तानुबाई म्हणाली. आणि मग पाच वर्षं दाताखाली धरलेलं तिच्या तोंडून एका दमात बाहेर पडलं. जीप, दोरा, सूप, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते, सगळं. बोलताना ती अंगणाकडं बघत होती, नातीकडं बघायचा धीर तिला झाला नाही. "तुझी पोर म्या मारली, मयू," ती शेवटी म्हणाली.

मयूरी गहू निवडत होती. तिचा हात ताटात तसाच राहिला.

"मला ठाऊक हाय, आजी. बाईंनी दवाखान्यातच सांगितलंवतं. म्या विचारलं म्हणून."

तानुबाईला काही उमजेना. ठाऊक होतं आणि पोरीनं पाच वर्षं एक शब्द काढला नाही, दर उन्हाळ्याला ओवीला तिच्या मांडीवर आणून टाकली. तिनं विचारलं, मग बोलली का न्हाईस.

"काय बोलू? मला सिझरच करायचं हुतं. बाईंनी दोनदा इचारलं, मी गप बसले. एस.टी.त एवढंसं बोलले, तू हसलीस, तर फुडं बोलाय भ्याले." मयूरीनं ताट बाजूला सारलं. "तुझ्या फुडं कवा बोलायचं शिकलेच न्हाई मी. तू एकटीनंच न्हाई मारली तिला."

मग तानुबाई रडली. गोदावरी गेली तेव्हा ती अशी रडली नव्हती, कारण तेव्हा दोष द्यायला दुसरं कुणीतरी होतं. पोरगी आपल्या शब्दाबाहेर नाही याचं तिला जन्मभर कौतुक वाटलं होतं, आणि त्याच कौतुकाची किंमत त्या पोरीनं दिली होती. मयूरीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "सांगलीला यायचंच तुला. तू भायेर बसायचं. आत मला भ्या वाटलं तर भायेर तू हायस एवढं ठाऊक पायजे."

तशी ती बाहेर बसली, त्याच व्हरांड्यात, त्याच बाकावर. शेजारी ओवी पाय हलवत होती, पलीकडं दादासो येरझाऱ्या घालत होता. अर्ध्या तासात नर्स मुलगा घेऊन आली. मयूरी बरी आहे, म्हणाली. तानुबाईनं दुपटं बाजूला केलं आणि पहिल्यांदा बेंबी बघितली. नाळेला पांढरा चिमटा घट्ट बसवलेला होता. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून घेतलं, नर्सनं बाळ परत मागेपर्यंत. दादासो बाळामागं आत गेला.

ओवीनं सगळं नीट न्याहाळलं होतं. "ह्याच्यासंगं दुसरं न्हाई आलं?" तिनं विचारलं.

"न्हाई. ह्यो एकटाच हुता."

"माझ्यासंगं आलती. आई म्हणती." ओवी आजीच्या गुडघ्याला रेलली. "तू बघितलीस न्हवं तिला? कशी दिसत हुती?"

तानुबाईनं पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. कपाळ, भुवया, जरासा पुढं आलेला वरचा ओठ. त्या दिवशी कुंची घालताना तिनं हेच बघितलं होतं.

"तुझ्यावाणीच," ती म्हणाली. "हुबेहूब तुझ्यावाणी."

ओवीनं क्षणभर विचार केला. "मग मला म्हाईत हाय ती कशी हाय," ती म्हणाली, आणि भावाला बघायला आत पळाली. तानुबाई बाकावर बसून राहिली. दारातून ओवी आत-बाहेर करताना दिसत होती. दर वेळी म्हातारीची नजर तिच्या मागं दाराकडं जायची, जरा थांबायची, आणि आणखी कुणी येत नाही हे बघून माघारी यायची.